तेवीस इंची पडदा आणि अकरा आयुधपूजा

जुन्या कॉम्प्युटरचा पडदा लॅपटॉपला जोडणं हे पाच मिनिटांचं काम आहे, असं मला आजवर सात जणांनी सांगितलं. त्या सातांची नावं मी डायरीत लिहून ठेवली आहेत. सूड वगैरे घ्यायचा माझा स्वभाव नाही, पण माणसाने आठवण ठेवावी.

सुरुवात एका भोकापासून झाली. मी बोम्मसंद्र्यात पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग तपासतो. नवीन ड्रॉइंग आलं की ते जुन्याशी ताडून पाहायचं, काय बदललं तिथे लाल खूण करायची आणि खाली सही ठोकायची. एकवीस वर्षं हेच चाललंय. आठवड्यातले तीन दिवस हे काम घरून करायची मला परवानगी आहे, आणि त्या परवानगीवर माझं आयुष्य टिकून आहे. कारण कारखाना बेंगळुरूच्या एका टोकाला आणि मी राहतो विद्यारण्यपुरात, म्हणजे दुसऱ्या टोकाला. एक बस, दोन मेट्रो आणि एक ऑटो. जाताना दोन तास लागतात, येताना किती लागतात ते राघवेंद्रस्वामींनाच ठाऊक.

घरी लॅपटॉपचा एकच पडदा. जुनं ड्रॉइंग उघडायचं, बघायचं, झाकायचं, मग नवीन उघडायचं, आणि मधल्या वेळात जुनं डोक्यात धरून ठेवायचं. गेल्या महिन्यात या झाकाझाकीत एका झाकणावरचं भोक चार मिलिमीटर सरकलेलं माझ्या नजरेतून सुटलं आणि तीनशे झाकणं चुकीची बनली. एकवीस वर्षांतली पहिली चूक. कारखान्यात कुणी मला एक शब्द बोललं नाही. उलट कँटीनमध्ये लोक मला आधी बसायला जागा द्यायला लागले, हे जास्त लागलं.

आमची मॅनेजर मनस्विनी एकतीस वर्षांची आहे. पुण्याहून आलेली, बोलायला फार गोड, त्यामुळे जपून राहावं लागतं. तिने शुक्रवारी फोन केला.

"सर, नो इश्यूज. चुका होतात. पण तुम्हाला सेकंड स्क्रीन मस्ट आहे. बुधवारच्या रिव्ह्यूला घरून दोन्ही ड्रॉइंग्ज साइड बाय साइड दाखवा. सेटअप झाला तर वर्क फ्रॉम होम कंटिन्यू करू. नाही झाला तर पाचही दिवस ऑफिसला या ना, इथे मोठे स्क्रीन्स आहेतच."

हे 'या ना' म्हणजे काय ते मला बरोबर कळलं.

"मग घेऊन टाका की एक स्क्रीन," आमच्या सौभाग्यवती अनुसूयाबाई म्हणाल्या. त्या तेव्हा भेंडी चिरत होत्या आणि त्यांचा आवाज भेंडी चिरतानाचाच होता.

आता इथे माझं तत्त्व आडवं आलं. आमच्या घरी तेवीस इंची पडद्याचा एक कॉम्प्युटर आहे. सगळं यंत्र पडद्याच्याच पोटात असतं, त्या जातीचा. अनुषा, म्हणजे आमची मुलगी, कॉलेजात असताना घेतलेला. ती शिकून हैदराबादला गेली, तिचं लग्न झालं, आणि कॉम्प्युटर तेव्हापासून आतल्या खोलीत टेबलावर खोळ घालून बसला आहे. काम नसलं तरी त्याचा मान मी कमी होऊ दिलेला नाही. दर आयुधपूजेला, म्हणजे नवरात्राच्या शेवटी इथे यंत्रं-हत्यारं पुजतात तेव्हा, मी स्वतः त्याची पूजा करतो. अकरा वर्षांत अकरा पूजा झाल्या, आणि पडद्यावर कुंकवाचा एक डाग शोधून दाखवा! पूजा कशी करावी हे मला कळतं, म्हणून तर कारखान्यातही, कॉम्प्युटरांसकट सगळ्या यंत्रांच्या, आयुधपूजेचा मान गेली अठरा वर्षं माझ्याकडे आहे. असा धडधाकट पडदा घरात खोळीखाली असताना दुसरा विकत आणायचा, हे माझ्याने होणार नव्हतं.

"याच कॉम्प्युटरचा पडदा मी लॅपटॉपला जोडून दाखवतो," मी म्हणालो.

"सरी, ठीक. आणि नाही जोडला गेला तर?"

"तर भंगारवाल्याला देऊन टाक."

"आणि ते टेबल माझ्या शिवणयंत्राला," अनुसूयाबाईंनी विळी बाजूला ठेवली. "बुधवारपर्यंत. तुमच्याच तोंडचं आहे, बघा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण बोललो ते बोललो.

शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे शामसुंदरण्णा आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. वायर दिसली की त्यांना राहवत नाही. त्यांनी आपल्या टीव्हीची जाड केबल गळ्यात घालून आणली होती.

"जयतीर्था, पाच मिनिटांचं काम," ते म्हणाले. डायरीत त्यांचं नाव पहिलं आहे.

केबलचं एक टोक लॅपटॉपला, एक टोक जुन्या कॉम्प्युटरला. दोन्ही चालू केले. लॅपटॉपवर लॅपटॉपचं चित्र, कॉम्प्युटरवर कॉम्प्युटरचं चित्र. भांडण झालेल्या दोन जावा एका ओळीत जेवायला बसाव्यात तसे दोघे शेजारी शेजारी बसले आणि एकमेकांकडे बघायलाही तयार होईनात. शामसुंदरण्णांनी केबलची टोकं बदलली. मग केबलवर फुंकर मारली. मग ते म्हणाले की केबल उत्तम आहे, दोष माझ्या घरातल्या विजेत आहे. जाताना कॉफी पिऊन गेले.

तेव्हा मी कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातल्या प्रणीतला फोन लावला. तो व्हाइटफील्डच्या मुख्य कार्यालयात बसतो. सुट्टीच्या दिवशीही त्याने फोन उचलला, हे त्याच्या बाजूने मी मान्य करतो.

"सर, त्या टाइपच्या कॉम्प्युटरचा पोर्ट फक्त चित्र बाहेर पाठवतो. आत घेत नाही."

म्हणजे आमच्या अपार्टमेंटच्या असोसिएशनसारखंच झालं. नोटिसा बाहेर येतात, तक्रार आत जात नाही.

"पण सर, एक सॉफ्टवेअर असतं. दोन्हीकडे टाकायचं, दोन्ही एका नेटवर ठेवायचे. चित्र नेटवरून जातं. पाच मिनिटांचं काम."

फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला परवानगी लागते, आणि परवानगीसाठी अर्ज. अर्जात पहिलाच प्रश्न होता: दुसऱ्या यंत्राचा असेट नंबर. कंपनीच्या प्रत्येक वस्तूला असा नंबर असतो, खुर्चीला असतो, कचऱ्याच्या डब्यालाही असतो. माझ्या घरच्या कॉम्प्युटरला कुठून असणार? मी लिहिलं, 'नाही'. अर्ज म्हणाला, आकडे लिहा. मी शून्य लिहिलं. अर्ज म्हणाला, आठ आकडे पाहिजेत. मी आठ शून्यं लिहिली आणि तो खूश झाला. पुढे 'कामासाठी गरज' या चौकटीत मी सगळी हकिकत मुद्देसूद दीड पान लिहिली, भोकापासून.

सोमवारी सकाळी उत्तर आलं: 'प्रश्न सुटला. कर्मचाऱ्याने स्क्रीन विकत घ्यावा.' आणि अर्ज बंद.

मी अर्ज पुन्हा उघडला. तो पुन्हा बंद झाला. मी पुन्हा उघडला. दारावर आलेल्या विक्रेत्याशीही मी एवढी उघडझाप कधी केली नव्हती. शेवटी प्रणीतने स्वतः परवानगी दिली आणि खाली लिहिलं, 'सर, पुढच्या वेळी थोडक्यात.' दीड पान मराठी माणसाने थोडक्यातच लिहिलेलं असतं, हे त्याला कोण सांगणार?

सॉफ्टवेअर टाकलं. दोन्हीकडे चालू केलं. आणि काय सांगू, जुन्या पडद्यावर माझ्या लॅपटॉपचा दुसरा भाग उमटला! मी अनुसूयाबाईंना हाक मारली. त्या हात पुसत आल्या. मी ऐटीत माउस हलवला. लॅपटॉपवरून बाण निघाला, काठापर्यंत गेला आणि गायब झाला. आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. अनुसूयाबाई आत जाऊन कुकरखालचा गॅस बंद करून परत आल्या, तेव्हा तो बाण जुन्या पडद्यावर उगवला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "शिवणयंत्राला तेल घालून ठेवते."

प्रणीतचं म्हणणं पडलं की जुन्या कॉम्प्युटरचं वायफाय म्हातारं झालंय, नेटची वायर सरळ यंत्रात खोचा, म्हणजे चित्र धावेल. घरात वायर होती. यंत्राच्या मागच्या बाजूला तिचं चौकोनी भोकही होतं. पण वायर भोकात जाईना. अर्धी जायची आणि अडायची. मी दाबली. मग आणखी दाबली. शामसुंदरण्णा आवाज ऐकून खाली आलेच होते. त्यांनी सुचवलं की स्वल्प खोबरेल लावून बघावं. ही सूचना मी ऐकून न ऐकल्यासारखी केली. वायर चांगली होती, लॅपटॉपमध्ये खटकन बसत होती. म्हणजे कुणीतरी माझ्या कॉम्प्युटरचं भोक बिघडवलं होतं. मला आधी झाडूवालीचा संशय आला, मग रंगकाम करणाऱ्यांचा, मग जावयाचा. जावई दिवाळीला आला होता तेव्हा त्या खोलीत झोपला होता. मनात टिपून ठेवलं.

मंगळवारी मी रजा टाकली. यंत्र चादरीत गुंडाळलं आणि मेन रोडवरच्या गुरुप्रसादच्या दुरुस्तीच्या दुकानाकडे निघालो. फाटकापाशी वासुदेवने अडवलं. वासुदेव आमचा वॉचमन. नऊ वर्षं रोज नमस्कार करतो.

"सार, इलेक्ट्रॉनिक सामान बाहेर न्यायला गेटपास लागतो."

"अरे, माझंच आहे."

"चोरही तेच म्हणतो ना सार," वासुदेव अगदी अदबीने म्हणाला.

यंत्र त्याच्या खुर्चीवर ठेवून मी असोसिएशनचे सेक्रेटरी प्रदीपकुमार यांच्या दारी गेलो. त्यांचं चिक्कपेटेत साड्यांचं दुकान आहे आणि ते निघायच्या घाईत होते. तरी त्यांनी चष्मा लावून फॉर्म भरला, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "जयण्णा, नियम सगळ्यांना एक. नाहीतर उद्या कुणीही काहीही नेईल." मी म्हटलं, बरोबर आहे. चादरीतला कॉम्प्युटर फाटकावर ठेवून आलेल्या माणसाने दुसरं काय म्हणायचं?

गुरुप्रसादचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि चार गिऱ्हाइकं उभी राहिली की भरलं. त्या दिवशी चार होती. त्याने यंत्र पालथं केलं, भोकात टॉर्च मारला, डोळा बारीक केला. मग चिमट्याने आतून काहीतरी काढून कागदावर ठेवलं. मग आणखी एक. मग आणखी.

"सार," तो म्हणाला, "इदरल्ली अक्की इदे."

यात तांदूळ आहेत! चारही गिऱ्हाइकं पुढे झुकली. एकाने विचारलं, उंदराने नेऊन साठवलेत का? दुसरा म्हणाला, या साहेबांच्या घरी डबा सांडला असेल. गुरुप्रसाद काढतच होता. दाणे लालसर होते, हळदीकुंकवाने घट्ट चिकटलेले. एका पांढऱ्या कागदावर त्यांचा छोटा ढीग झाला, आणि मला एकदम सगळं दिसलं.

पडद्यावर डाग पडू नये म्हणून पूजा मी मागच्या बाजूने करत होतो. यंत्राचं बळ मागून आत शिरतं, तेव्हा अक्षताही मागेच वाहाव्यात, असा माझा विचार होता. आणि त्या विचारावर मला अभिमानही होता. अकरा वर्षं मंत्र म्हणत, नेम धरून, मी स्वतः ते भोक बुजवत आलो होतो. झाडूवाली, रंगारी, जावई, सगळे निर्दोष. मला त्या दुकानात उभं राहायची इतकी लाज वाटली की यंत्र तिथेच टाकून निघून जावं असं झालं.

"अक्षता आहेत," मी हळूच म्हणालो. "आयुधपूजेच्या."

गुरुप्रसादने चिमटा खाली ठेवला, पायातल्या चपला सरकवून बाजूला केल्या, कागदाला हात लावून डोळ्यांना लावला आणि त्याची नीट पुडी बांधून माझ्या हातात दिली. "कचऱ्यात नाही टाकायचं सार. तुळशीत घाला." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि टॉर्च घेऊन आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या मागे डोकं घातलं. चारही गिऱ्हाइकं आपापल्या वस्तूंकडे बघायला लागली. त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला.

परत आलो तर फाटकात वासुदेव गेटपास धरून उभा. "सार, हे आत नाही येऊ शकत." प्रदीपकुमारांनी घाईत फॉर्मवर 'परत न येणारी वस्तू' या चौकटीत खूण केली होती. मी त्यांना फोन लावला.

"अय्यो, चुकून झालं जयण्णा. पण शिक्का बसलाय. आता ती खूण रद्द करायची तर कमिटीच्या तीन सह्या लागतील, आणि मीटिंग रविवारी."

"रविवारपर्यंत मी फाटकात उभा राहू?"

"छे छे. एक करा. नवीन वस्तू आली म्हणून आत घ्या. नवीन वस्तूला पास लागत नाही."

अशा रीतीने माझ्या अकरा वर्षांच्या कॉम्प्युटरने नवी कोरी वस्तू म्हणून गृहप्रवेश केला. मी लिफ्टमधून वर पोचतो न पोचतो तोच प्रदीपकुमारांचा अपार्टमेंटच्या ग्रुपवर संदेश: 'जयतीर्थ कुटुंबाला नवीन कॉम्प्युटरबद्दल अभिनंदन!' खाली सव्वीस हात जोडलेले आणि अकरा केक. अनुसूयाबाई दारात फोन घेऊनच उभ्या होत्या.

"म्हणजे घेतलात शेवटी! आणि मला दुरुस्तीला नेतो म्हणून सांगितलंत?"

मी शपथेवर सांगितलं की हा तोच आहे. त्यांनी चादर काढून, मागे वळवून, खात्री करून घेतली. माझ्या खिशातली पुडी तेवढ्यात खाली पडली. त्यांनी पुडी उघडली आणि लालसर अक्षता ओळखल्या. मग पदर तोंडाला लावून जमिनीवरच बसल्या. लग्नाला तीस वर्षं झाली, पण एवढं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तीन घरचे लोक पेढे मागून गेले. शामसुंदरण्णा दोन खाऊन गेले, कारण केबल त्यांची होती.

पण वायर बसली! खटकन बसली. माउस हलवला की बाण इकडून तिकडे पाखरासारखा जाई. रात्रीचं जेवण मला गोड लागलं.

बुधवारी अकराला मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. डावीकडे जुनं ड्रॉइंग, उजवीकडे नवीन, दोन्ही तेवीस इंचांवर पसरलेली. समोर लॅपटॉपवर मनस्विनी आणि डिझाइनचे तिघे. दाराआड अनुसूयाबाई, निकाल ऐकायला. ड्रॉइंग पंपाच्या बाहेरच्या कवचाचं होतं, ते मी पहिल्यांदाच बघत होतो. चौथ्या मिनिटाला मी म्हणालो, "वरून तिसरं भोक दोन मिलिमीटर खाली आलंय. आणि या कोपऱ्याचा उतार नव्यात राहूनच गेलाय."

डिझाइनवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकाने कागद चाळले आणि मान खाली घातली. मनस्विनीने अंगठा वर केला. त्या तीनशे झाकणांचं ओझं चार मिनिटांत उतरलं होतं.

"सर, ब्रिलियंट! आणि हा सेटअप जुन्या कॉम्प्युटरवर केलात? स्वतः?"

"स्वतः," मी म्हणालो. गुरुप्रसादचा चिमटा आठवला, पण सांगितला नाही.

"म्हणजे घरून काम कंटिन्यू, डन." दाराआड शिवणयंत्राची आशा मावळल्याचा एक सुस्कारा ऐकू आला. "फक्त सर, एक छोटंसं. आपल्या स्टोअरमध्ये सेम टाइपचे चाळीस जुने कॉम्प्युटर पडलेत. सगळ्या चेकर्सना सेकंड स्क्रीन द्यायचाय, आणि तुमच्याइतकं हे कुणालाच जमणार नाही. सोमवारपासून तेवढं करून द्या ना. दोन-तीन महिने लागतील. तोवर पाचही दिवस या ना."

सोमवारी मी पहाटे उठलो. जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा खोळ चढली होती आणि टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर शिवणयंत्र बसलं होतं. अनुसूयाबाईंनी डब्याच्या पिशवीत आपला भुवयांचा चिमटा घातला आणि म्हणाल्या, "असू द्या जवळ." मी म्हणालो, कशाला, कारखान्यात सगळी हत्यारं असतात. त्यांनी पिशवीची चेन ओढली. एक बस, दोन मेट्रो आणि एक ऑटो करून मी स्टोअरमध्ये पोचलो. पहिला कॉम्प्युटर ओढून पालथा केला आणि भोकात टॉर्च मारला.

आत अठरा वर्षांचा माझा मान गच्च भरलेला होता. मी चपला काढल्या आणि पिशवीतून चिमटा बाहेर काढला.